दोन्ही डब्यांवर ६०००च, मग किमतीत ४,२०० चा फरक का?

पत्र

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं डिझाइनचं ऑफिस आहे. मी आणि माझा भाचा, दोघंच. फौंड्रीवाल्यांना पॅटर्न आणि कोअरबॉक्सची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या नमुन्यांची, ड्रॉइंग करून देतो, सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरवर. आता कास्टिंग सिम्युलेशनचं कामही घ्यायला लागलोय. त्यासाठी नवीन मशीन बांधतोय. रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि बी६५० बोर्ड आलाय, रॅम तेवढी राहिलीय.

राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं व्हिजिटिंग कार्डाच्या मागं तीन पर्याय लिहून दिले. पहिला, ३२ जीबीचं डीडीआर५ किट, ६०००, सीएल ३०, लाइटवालं. दुसरा, त्याच कंपनीचं ३२ जीबीचं किट, ६०००, सीएल ३६, बिनलाइटचं. हे पहिल्यापेक्षा ४,२०० रुपयांनी स्वस्त. तिसरा, १६-१६ च्या दोन सुट्या स्टिक, ५६००. या दुसऱ्याहून आणखी १,५०० नं स्वस्त, पण 'बिल नको असेल तरच'.

भाचा म्हणतो पहिलंच घ्यायचं. दुकानदार म्हणतो दोन्ही किट सेमच आहेत, लाइटचे पैसे आहेत. मला सगळीकडं ३२ आणि ६००० एवढंच दिसतंय. पैसे कशाचे जातायत ते कळलं तर द्यायला माझी ना नाही. आणि जुन्या मशीनमधल्या ८-८ च्या दोन डीडीआर४ स्टिक यात चालतील का?

— मामा, उद्यमनगर

उत्तर

मामा, दुसरं किट घ्या, पक्क्या बिलावर. तिसऱ्याचा विचार सोडून द्या आणि पहिल्याचे वरचे ४,२०० खिशातच ठेवा. पण दुकानात जाण्याआधी जुन्या मशीनवर पाच मिनिटांचं एक काम करा. ते खाली सांगतो. त्यात निघालेला आकडा मोठा असला तर कार्डावरचे तिन्ही पर्याय बाद होतात आणि भाच्याशी चाललेला वादही आपोआप मिटतो.

आधी तुमचा मूळ प्रश्न, पैसे कशाचे जातात.

६००० हा आकडा म्हणजे मेमरी सेकंदाला किती वेळा डेटा देऊ-घेऊ शकते त्याचं माप, सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा. दोन्ही किटवर तो सारखाच आहे, म्हणजे रस्त्याची रुंदी सारखी. सीएल हा आकडा वेगळ्या गोष्टीचा. मेमरीला वाचायचा हुकूम मिळाल्यापासून पहिला डेटा बाहेर पडेपर्यंत तिच्या घड्याळाचे किती ठोके जातात, तो सीएल. ठोक्यांचा वेळ काढायचा हिशोब सोपा आहे: सीएलला २००० नं गुणा आणि किटच्या वेगानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. सीएल ३० ला ६००० वर १० नॅनोसेकंद. सीएल ३६ ला १२. तुमच्या सुट्या ५६०० च्या स्टिकवर बहुधा सीएल ४६ असेल, कारण साध्या ५६०० स्टिकवर तोच असतो. तिथं हिशोब १६.४ वर जातो. सीएल न बघता नुसता वेग बघणारे इथंच फसतात. जुन्या डीडीआर४ ची ३२०० सीएल १६ स्टिकसुद्धा १० नॅनोसेकंदांचीच आहे, म्हणजे या बाबतीत महागड्या नव्या किटच्या बरोबरीची.

आता १० आणि १२ मध्ये वीस टक्क्यांचा फरक दिसतो, आणि भाचा हाच आकडा तुमच्यासमोर नाचवत असणार. पण प्रोसेसरची मागणी मेमरीपर्यंत जाऊन परत यायला या प्लॅटफॉर्मवर एकूण साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात. सीएल हा त्या प्रवासातला एक टप्पा. एकूणातले दोन नॅनोसेकंद वाचले तर वीस टक्के कुठले, दोन-तीन टक्के. तेही फक्त प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या झटपट मेमरीत, डेटा सापडला नाही तेव्हाच.

एवढ्यावर थांबलो असतो तर दुकानदाराचंच म्हणणं खरं ठरलं असतं. पण त्यानं कार्डावर एकच आकडा लिहून दिलाय आणि लेबलवर चार असतात. डब्याच्या मागच्या बाजूला किंवा स्टिकवरच्या स्टिकरवर ३०-३८-३८-९६ किंवा ३६-३६-३६-९६ अशी ओळ असते. जाहिरात पहिल्या आकड्याची होते. दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा, कारण मेमरीतली हवी ती ओळ आधीपासून उघडी नसेल तर ती उघडायला लागणारा वेळ तो सांगतो. म्हणजे अशा वेळी दुसरा आणि पहिला, दोन्ही मिळून थांबावं लागतं. ३०-३८ च्या किटला ६८ ठोके, म्हणजे २२.७ नॅनोसेकंद. ३६-३६ च्या किटला ७२ ठोके, म्हणजे २४. फरक उरला जेमतेम १.३. अशी जोडी असेल तर ४,२०० रुपये देणं मला तरी पटत नाही.

पण सीएल ३६ च्याच नावाखाली ३६-४८-४८ असंही किट मिळतं. तिथं ८४ ठोके होतात, म्हणजे २८ नॅनोसेकंद. ते खरंच मंद चिपांचं किट आहे आणि स्वस्त असायलाच हवं. म्हणून दुकानात पहिलं काम हे, की दुसऱ्या किटचा डबा हातात घेऊन त्या ओळीतला दुसरा आकडा वाचायचा. ३६ ते ३८ असेल तर डोळे झाकून घ्या. ४४ च्या पुढं असेल तर किंमत आणखी खाली यायला हवी, असं दुकानदाराला सांगा, आणि का ते त्याला आकडा दाखवून सांगा. कार्डावर एकच आकडा लिहिणाऱ्याला बाकीचे तीन माहीत नसतात असं नाही.

हे आकडे वेगवेगळे का येतात हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळेल. एकाच हीटचं लोखंड ओतलं तरी सगळे नग सारखे निघत नाहीत. तपासणीत काही पहिल्या प्रतीत जातात, काही कमी कामाला चालतात, काही परत भट्टीत. मेमरीच्या चिपांचंही तसंच. एका वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीवरच्या, चिपा तपासून वेगळ्या काढतात. ज्या कमी ठोक्यांत, ठरलेल्या व्होल्टेजला न चुकता काम करतात त्यांना महाग लेबल लागतं, बाकीच्यांना स्वस्त. जगात या चिपा मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डब्यावर कोर्सेअर, जी.स्किल, एडाटा अशी नावं दिसतात ती चिपा विकत घेऊन स्टिक जोडणाऱ्यांची. त्यामुळं 'हा ब्रँड भारी, तो हलका' या बोलण्यात फारसा दम नाही. एकाच ब्रँडच्या दोन किटमध्ये वेगवेगळ्या कंपनीच्या चिपा असू शकतात, इतकंच काय, एकाच मॉडेल नंबरखाली सहा महिन्यांनी दुसऱ्याच चिपा येऊ शकतात. डीडीआर५ मध्ये ६००० सीएल ३० ला जाणारी किट बहुतेक हायनिक्सच्या चिपांवर असतात आणि जाणकार लोक त्याचेच पैसे मोजतात. ते चूक नाहीत. फक्त त्यांचं काम वेगळं आणि तुमचं वेगळं.

लाइटचं थोडक्यात. लाइटचे पैसे असतातच, दुकानदार त्यात खोटं बोललेला नाही. पण लाइटवाल्या किटची उंची बघा. साध्या हीटसिंकची स्टिक ३०-३५ मिलिमीटरच्या आसपास असते, लाइटवाल्या बहुधा ४२ ते ४५ च्या घरात, काही त्याच्याही वर जातात. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर बसवणार असाल तर त्याचा पंखा पहिल्या स्टिकवर टेकतो, मग पंखा वर सरकवा, मग कॅबिनेटचं झाकण लागत नाही, असा सगळा उद्योग. ऑफिसातलं मशीन टेबलाखाली, पायाशी असणार. तिथं लाइट बघणार कोण?

आता तुमच्या कामाकडं येऊ.

कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे धातू साच्यात कसा भरतो आणि कुठून कसा गोठतो याचा हिशोब, हा लाखो छोट्या घनांवर पुन्हा पुन्हा चालतो. एवढा डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, सतत मेमरीतून ये-जा चालू राहते. तिथं ठोक्यांपेक्षा रस्त्याची रुंदी जास्त कामाची. ६००० ची एक स्टिक सेकंदाला ४८ जीबी देऊ शकते, दोन स्टिक दोन चॅनलवर ९६ जीबी. दोन्ही किटला हा आकडा तोच. ५६०० च्या जोडीला ८९.६. वर आणखी गंमत अशी की ७७०० मध्ये कोअरची एकच चकती आहे आणि ती मेमरीकडून घेऊ शकते तो डेटा साधारण ६४ जीबीच्या आसपास अडतो. म्हणजे ५६०० आणि ६००० मधला फरकसुद्धा कागदावर दिसतो त्याहून कमीच जाणवेल. मात्र कुणी '३२ ची एकच स्टिक घ्या, पुढं दुसरी टाकू' असं सुचवलं तर ऐकू नका. एका स्टिकवर रस्ता थेट निम्मा होतो. सीएलच्या वादात गुंतलेली माणसं बाजारातून एकच स्टिक घेऊन येतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

सॉलिडवर्क्सचं काम थोडं वेगळं. तिथं एका वेळी एकच कोअर जास्त राबतो आणि मेमरीच्या ठोक्यांचा थोडाफार फरक पडू शकतो. पण पाच सेकंदांचं रिबिल्ड पावणेपाच सेकंदांत झालं, तर फौंड्रीवाला ड्रॉइंगचा दर वाढवून देणार नाही.

मग काय बघायचं? किती मेमरी लागते ते. वर म्हणालो ते पाच मिनिटांचं काम हेच. जुन्या मशीनवर तुमची सगळ्यात मोठी असेंब्ली उघडा, सोबत रोज उघडी असतात ती ड्रॉइंग, ब्राउझर, व्हॉट्सअॅप, सगळं उघडा. जमलं तर सिम्युलेशनही चालू करा. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली 'कमिटेड' लिहिलंय तिथला पहिला आकडा वाचा. 'इन यूज' नको, 'कमिटेड' बघा. तुमच्या जुन्या मशीनमध्ये १६ जीबीच आहे, त्यामुळं इन यूज १६ च्या वर जाऊच शकत नाही. कमिटेड जातो, कारण मेमरी भरल्यावर विंडोजनं डिस्कवर ढकललेला मालही त्यात धरलेला असतो.

हा आकडा २० च्या आत असेल तर ३२ जीबी पुष्कळ झाली, पुढं काही वर्षं बघायला नको. २० ते २६ असेल तरी चालेल. २६ च्या पुढं गेला तर ३२ जीबीचं कुठलंच किट घेऊ नका, सीएल ३० चं तर अजिबात नको. कारण मेमरी कमी पडून मशीन एसएसडीवर गेलं की हिशोब नॅनोसेकंदांचा राहत नाही. चांगल्यातली चांगली एसएसडी एका मागणीला दहा-दहा हजार नॅनोसेकंदांच्या पटीत वेळ घेते. सीएल ३० नं वाचवलेले दोन नॅनोसेकंद तिथं एका फटक्यात बुडतात. अशा वेळी २४-२४ चं ४८ जीबी किट किंवा ३२-३२ चं ६४ जीबी किट बघा, मग सीएल ३६ असो की ४०. २४ जीबीच्या स्टिक २०२३ पासून मिळतात आणि तुमच्यासारख्या मधल्या गरजेच्या माणसाला त्या फार सोयीच्या आहेत. त्या घेणार असाल तर बोर्डाचं बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, नवं करून घ्या, जुन्या आवृत्त्यांना त्या ओळखता येत नसत.

हे आत्ताच ठरवायचं, पुढच्या दिवाळीला नाही. बोर्डावर चार खाचा दिसतात म्हणून 'आज दोन, पुढं आणखी दोन' असा बेत प्रत्येकाच्या मनात येतो. डीडीआर४ वर तो बऱ्यापैकी जमायचा. तुमच्या प्लॅटफॉर्मवर दोन स्टिक असताना एएमडीनं दिलेला अधिकृत वेग ५२०० आहे, चार स्टिक असताना ३६००. त्याच्या वर चालली तर तुमचं नशीब, न चालली तर तक्रार करता येत नाही. आणि पुढच्या वर्षी घेतलेलं 'तेच' किट आतून तेच असेल याची खात्री कंपनीसुद्धा देत नाही. दोन स्टिक एकत्र तपासून एका डब्यात घातल्यात, याचेही पैसे किटच्या किमतीत असतात, आणि तेवढे मात्र योग्य आहेत.

यावरूनच तिसऱ्या पर्यायाकडं. सुट्या दोन स्टिक चालणारच नाहीत असं नाही. ५६०० च्या साध्या वेगाला १.१ व्होल्टवर त्या बहुधा निमूट चालतील. मला खटकतं ते 'बिल नको असेल तरच'. कॉम्प्युटरच्या मेमरीवर जीएसटी १८ टक्के. तुमच्या फर्मचा जीएसटी नंबर असेल, आणि फौंड्र्यांना बिल देता म्हणजे बहुधा असेलच, तर फर्मच्या नावानं, नंबर घालून घेतलेल्या बिलातला कर तुम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये वळता होतो. किटची किंमत १०,००० च्या वर गेली की तिच्यातला करच १,५०० च्या पुढं जातो. म्हणजे बिनबिलाच्या मालावर वाचलेले दीड हजार तुम्ही दुसऱ्या हातानं सरकारकडंच सोडून देताय, आणि वर वॉरंटीचा कागद नाही. मेमरीचे ब्रँड दहा वर्षांची किंवा 'लाइफटाइम' वॉरंटी लिहितात, पण स्टिक बिघडली की आधी बिल मागतात. हाच हिशोब पहिल्या दोन किटलाही लावा. ४,२०० चा फरक करासकट असेल तर त्यातले ६४१ रुपये क्रेडिटमध्ये परत येतात आणि खरा फरक ३,५५९ उरतो. तरीही माझं मत बदलत नाही. पण दोन दुकानांचे दर ताडून बघताना एक करासकट आणि एक कराशिवाय, अशी गल्लत करू नका. कार्डाच्या मागं लिहिलेल्या दरांत ही गल्लत हटकून होते.

दुकानदाराला आणखी एक विचारा: स्टिक गेली तर तुमच्याकडं आणून द्यायची की मलाच कुरिअर करायचं? किटमधली एक बिघडली तरी बऱ्याच कंपन्या दोन्ही मागून घेतात, आणि तेवढे दिवस तुमचं मशीन बंद. जो दुकानदार 'तोवर आमच्याकडची वापरा' म्हणतो, त्याला पाच-सातशे जास्त द्यायला माझी हरकत नाही. ऑनलाइनचा स्वस्त दर बघताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

दराची सध्या एक वेगळीच अडचण आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव एकदम चढले. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडं तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता वळवली आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला माल कमी आला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळं 'पुढच्या महिन्यात उतरेल' म्हणून थांबण्यात अर्थ नाही आणि दुकानदारानं आठवड्यापूर्वी लिहून दिलेला दर आज तोच असेल असंही धरू नका. जाण्याआधी फोन करून विचारा. दर बदलला असेल तर त्याच्याशी भांडू नका, फरक किती उरलाय तेवढं बघा. दोन किटमधला फरक हजाराच्या आत आला असेल आणि उंचीची अडचण नसेल, तर पहिलं घ्यायलाही माझी ना नाही.

किट बसवताना गडबड होते ती अशी. दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, शेजारी-शेजारी नको. पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. पंखे फिरतायत, दिसत काहीच नाही, तरी घाबरून बटण दाबू नका. डीडीआर५ मध्ये बोर्ड त्या वेळात मेमरीशी जुळवून घेत असतो. चहा पिऊन या. मग बायॉस नव्या आवृत्तीला आणा, हे २४ ची स्टिक नसली तरी करा. २०२३ मध्ये काही बोर्ड या पिढीच्या प्रोसेसरला जास्त व्होल्टेज देत होते आणि काही प्रोसेसर जळाले होते. त्यानंतर एएमडीनं त्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली, ती नव्या बायॉसमध्येच आहे.

त्यानंतर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे किटवर लिहिलेला वेग लागू करणारं प्रोफाइल, चालू करा. हे न केल्यास तुमचं ६००० चं किट ४८०० किंवा तशाच साध्या वेगावर चालत राहील आणि मशीन काही बोलणार नाही. लोक वर्षभर असं वापरतात. डब्यावर एक्स्पो लिहिलंय ना, ते घेतानाच बघा. नुसतं एक्सएमपी असेल तर ते इंटेलसाठी लिहिलेलं प्रोफाइल असतं. एएमडी बोर्डावर बऱ्याचदा चालतं, पण तुम्ही तो जुगार कशाला खेळायचा? चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ६००० दिसलं पाहिजे. भाचा सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून '३००० च दाखवतंय, फसवलं' म्हणून ओरडला तर त्याला सांगा, ते घड्याळाची गती दाखवतं आणि एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ३००० ची दुप्पट धरायची.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एक्स्पोचं ६००० हा कंपनीनं तपासलेला वेग असला तरी एएमडीच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणंच, आहे. तुमचं पोट या मशीनवर आहे. मेमरीनं एखादा बिट चुकवला तर मशीन बंद पडेलच असं नाही, फाइल गुपचूप बिघडू शकते. डीडीआर५ च्या चिपेत आतल्या आत चूक सुधारायची सोय असते, पण सर्व्हरच्या ईसीसी, म्हणजे चूक ओळखून सुधारणाऱ्या, मेमरीइतकं ते राखण नाही. म्हणून मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन एक रात्रभर चालवा. एकही लाल ओळ येता कामा नये. आली तर वेग ५६०० वर आणून परत चालवा. तिथं स्वच्छ चालली तर तशीच वापरा, काही बिघडत नाही. तिथंही चूक आली तर किट परत. दुकानदारानं बदलून द्यायची मुदत किती दिवसांची आहे ते बिल करतानाच विचारून ठेवा आणि ही तपासणी त्या मुदतीच्या आत करा.

भाच्याबद्दल. त्याला सीएल ३० कशासाठी हवंय हे तुम्ही लिहिलं नाही, पण सिम्युलेशनसाठी नसावं. संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर गेम खेळत असेल तर त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ज्या गेममध्ये प्रोसेसर अडतो तिथं शंभर फ्रेमला दोन-चार फ्रेमचा फरक सीएल ३० देऊ शकतं. ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर तेवढाही नाही. फरकाचे पैसे तो स्वतःच्या खिशातून घालत असेल तर घालू दे की. मामा म्हणून तुम्ही दिलेत तरी मी कोण बोलणार? फक्त ते फर्मच्या खर्चात 'कामासाठी' म्हणून लिहू नका.

राहिल्या जुन्या दोन डीडीआर४ स्टिक. त्या नव्या बोर्डात बसणार नाहीत. पिना दोन्हीकडं २८८ च असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे, जोर लावलात तर बोर्ड जाईल. विकूही नका. भाव चढल्यापासून डीडीआर४ सुद्धा महागलीय आणि जुनी स्टिक विकून मग नवी शोधणं जड जाईल. जुनं मशीन तसंच राहू द्या, बिलं आणि टॅलीचं काम त्यावर ठेवा, म्हणजे नव्यावर सिम्युलेशन चालू असताना पार्टी बिल मागायला आली तर तिला ताटकळत बसवावं लागणार नाही.